तात्पुरत्या घरातला उन्हाळा

मध्य रेल्वेच्या गाडीने कांजूरमार्ग मागे टाकले की भांडुप येते. या स्थानकाच्या नावाशी भारतीय रेल्वेच्या जन्माची एक नोंद जोडलेली आहे. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला आले असता मुंबई शहर लोहमार्गाने ठाणे, कल्याण आणि पुढे घाटांशी जोडावे ही कल्पना त्यांना प्रथम सुचली, असे रेल्वेचा इतिहास सांगतो. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेली पहिली गाडी याच भूमीवरून गेली. त्यानंतर दूरदूरच्या गावांतून पोटासाठी आलेली माणसे भांडुपने सामावून घेतली. आज मात्र येथे एक निराळे स्थलांतर चालू आहे. राहते घर पाडायचे, काही काळ तात्पुरत्या घरात राहायचे आणि नवी इमारत उभी राहिली की परतायचे, असा हा प्रवास. अंतर थोडे, पण मुदत अनिश्चित. त्या 'काही काळा'त घरातील वृद्धांच्या प्रकृतीचे काय होते आणि ते बिघडू नये म्हणून घर कसे असावे, याचा विचार येथे करायचा आहे.

भांडुपची रचना समजून घेण्यासाठी ते पूर्वेकडून पश्चिमेकडे चालत पाहावे. अगदी पूर्वेला, द्रुतगती महामार्गाच्या पलीकडे, उदंचन केंद्र, मिठागरे आणि खारफुटी. त्यापुढे ठाण्याची खाडी. हिवाळ्यात या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. रेल्वेमार्ग ओलांडून पश्चिमेला आले की लालबहादूर शास्त्री मार्ग लागतो. सिएट, जीकेडब्ल्यू, एशियन पेंट्स अशा कारखान्यांच्या भोंग्यांवर एकेकाळी या मार्गाच्या दोन्ही अंगांची घड्याळे चालत. कारखान्यांच्या काही जागांवर आता उंच मनोरे आले आहेत. मार्ग ओलांडून पुढे जावे तसा रस्ता चढू लागतो. शिवाजी तलाव, जंगल मंगल रोड, टेंभीपाडा, कोकण नगर, तुळशेतपाडा, खिंडीपाडा अशी नावे घेत वस्ती टेकडीवर चढते आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणाला भिडते. त्याच बाजूला महापालिकेचे जलशुद्धीकरण संकुल आहे. मुंबईच्या मोठ्या भागाला येथूनच शुद्ध पाणी मिळते. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत हे संकुलच पाण्याखाली गेले, तेव्हा भांडुपच्या टेकडीशी आपला काय संबंध आहे हे मुंबईकरांना कोरड्या नळांनी सांगितले.

या टेकडीवरची घरे बहुतांशी एका खोलीची. भिंती विटांच्या, छप्पर पत्र्याचे किंवा सिमेंटच्या पत्र्याचे. जागा पुरेना म्हणून पोटमाळा, आणि पोटमाळ्यावर जायला उभी लोखंडी शिडी. गल्ली इतकी अरुंद की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने उंबऱ्यावर पाय ठेवून वाट द्यावी. येथे राहणाऱ्या अनेक ज्येष्ठांचे बालपण रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कौलारू घरांत गेले आहे. उतरते छप्पर, पुढे पडवी, मागे परसू, आढ्याखालून वाहणारा वारा आणि सारवलेली गार जमीन अशा त्या घरांना कोणी ऊर्जाकार्यक्षम म्हटले नव्हते. पण दमट हवेत विजेशिवाय जगण्याचे शास्त्र त्यांत मुरलेले होते. मुंबईच्या पत्र्याखाली आल्यावर ते शास्त्र हरवले आणि त्याची जागा छतावर गरगरणाऱ्या पंख्याने घेतली.

'तात्पुरते' म्हणजे किती?

झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ च्या अखेरीस स्थापन झाले. पात्र कुटुंबाला मिळणारे घर पूर्वी २२५ चौरस फुटांचे असे. नंतर २६९ आणि आता ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचे घर देण्याची तरतूद आहे. ते बांधून होईपर्यंत कुटुंबाला दोनपैकी एक वाट असते. विकासकाने दिलेल्या भाड्यावर स्वतः खोली शोधायची, किंवा संक्रमण शिबिरात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'ट्रान्झिट'मध्ये जायचे. ट्रान्झिटचीही दोन रूपे आहेत. एक पत्र्याच्या बैठ्या बराकींचे, दुसरे बहुमजली इमारतीचे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत कायमस्वरूपी संक्रमण गाळे बांधण्यासाठी ३३(११) हे स्वतंत्र कलमही आहे. याशिवाय रस्ते, नाले, जलवाहिन्या यांसारख्या प्रकल्पांमुळे हलवावी लागणारी कुटुंबे असतात. जुलै २०२४ मध्ये ज्याच्या बोगद्याचे भूमिपूजन झाले तो गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता राष्ट्रीय उद्यानाखालून येऊन भांडुपच्या खिंडीपाड्याच्या बाजूला बाहेर पडणार आहे. त्यामुळे पुनर्वसन हा या परिसरातील अनेक घरांच्या जेवणाच्या वेळचा विषय झाला आहे.

कागदावर दोन-तीन वर्षांची मुदत असते. म्हाडाच्या मुंबईतील पन्नासांहून अधिक संक्रमण शिबिरांकडे पाहिले की या मुदतीचा खरा अर्थ कळतो. पडलेल्या वा मोडकळीस आलेल्या चाळींमधून तेथे गेलेल्या काही कुटुंबांच्या दोन-दोन पिढ्या त्याच गाळ्यांत वाढल्या. तरुणाला तीन वर्षे म्हणजे एक थांबा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला तीच तीन वर्षे उरलेल्या आयुष्याचा मोठा हिस्सा असू शकतात. कित्येकांचे अखेरचे घर हे तात्पुरतेच ठरते. म्हणूनच 'थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, चालवून घ्या' हे वाक्य ज्येष्ठांच्या बाबतीत लागू पडत नाही.

पत्र्याखालचा देह

मुंबईचा उन्हाळा आकड्यांत फार उग्र दिसत नाही. मे महिन्यात कमाल तापमान साधारण ३३-३४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. विदर्भातील वाचकांना त्याचे हसू येईल. परंतु येथील हवा दमट आहे. घाम येतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. त्यात डोक्यावर उघडा पत्रा असेल तर तो दुपारी इतका तापतो की हात टेकवत नाही. तापलेला पत्रा खोलीतील हवा गरम करतो, शिवाय चुलीजवळ बसल्यावर लागते तशी धग थेट अंगावर टाकतो. खोलीतील तापमापक ३५ दाखवत असला तरी पत्र्याखाली पडलेल्या माणसाला त्याहून कितीतरी अधिक उष्मा सोसावा लागतो. सिमेंटच्या स्लॅबची तऱ्हा निराळी. तो दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री घरात सोडतो. शरीराने रात्री विसावावे, तर तेव्हाच छत उबदार असते.

वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, घामाच्या ग्रंथी कमी काम करतात आणि त्वचेकडे जास्त रक्त पाठवण्यासाठी लागणारी हृदयाची राखीव ताकद घटते. त्यातच रक्तदाबासाठी किंवा पायांवरील सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असते. बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या, काही मानसिक आजारांवरील औषधे, सर्दी-खाज यांवरील काही जुनी औषधे शरीराच्या थंड होण्याच्या क्रियेत अडथळा आणतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खाडीपलीकडील खारघरमध्ये भर उन्हातील कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली. घराच्या आतील उष्मा मात्र असा एकदम दिसत नाही. तो दवाखान्यात निराळी नावे घेऊन येतो. 'डॉक्टर, उठताना अंधारी येते', 'रात्री डोळ्याला डोळा लागत नाही', 'आई कालपासून काहीतरीच बोलतेय', 'बाबा मोरीत पडले'. रक्तदाब मोजावा तर नेहमीपेक्षा खाली, जीभ कोरडी, नाडी जलद. अशा वेळी औषधाच्या कागदाआधी घराचे छप्पर कसले आहे आणि खिडकी किती आहेत हे विचारावे लागते.

दुसरा एक प्रश्नही विचारावाच लागतो: संडास किती लांब आहे? बैठ्या संक्रमण गाळ्यांत तो पुष्कळदा सामाईक असतो. रात्री अंधारातून, ओल्या फरशीवरून, दोन पायऱ्या उतरून तेथे जावे लागू नये म्हणून आजी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. लघवीची गोळी एक दिवसाआड घेतात किंवा परस्पर बंद करतात. मग एकीकडे शुष्कता, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ. दुसरीकडे पायांवर सूज आणि धाप. उन्हाळ्यात 'भरपूर पाणी प्या' असा सल्ला देणे सोपे आहे. तो पाळण्यासाठी जवळ संडास लागतो आणि वाटेवर दिवा लागतो, हे घराची रचना करणाऱ्याने लक्षात ठेवले नाही तर डॉक्टरांचा सल्ला हवेतच राहतो.

वीजबचत कोणासाठी?

ऊर्जाबचतीचा विषय निघाला की तो पर्यावरणवाद्यांचा किंवा श्रीमंतांच्या काचेच्या इमारतींचा वाटतो. तात्पुरत्या घरातील वृद्धाच्या दृष्टीने तो अगदी साधा आहे: पंखा रात्रभर चालवता येतो की नाही? मुंबईचा बराचसा भाग बेस्ट, अदाणी वा टाटा यांची वीज वापरतो. भांडुप-मुलुंडला मात्र महावितरणची वीज येते. महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि त्यापुढचा बराच चढा असतो. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. तो दिवसाचे २० तास चालला तर दीड युनिट, म्हणजे महिन्याला ४५ युनिटे एकट्या पंख्याची. बीएलडीसी प्रकारचा पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो. महिन्याला १८ युनिटे. एका पंख्यामागे २७ युनिटे वाचली की अनेक घरे शंभराच्या आत राहू शकतात. बिलाच्या धास्तीने पहाटे उठून पंखा बंद करणाऱ्या आजोबांना ही वाचलेली २७ युनिटे म्हणजे झोप आहे.

तरीही पंखा हा शेवटचा उपाय. आधी घरच कमी तापले पाहिजे. येथे छपराचा क्रमांक पहिला. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' प्रसिद्ध केली. छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तीत घातली आहे: छताच्या दोन बाजूंच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमागे १.२ वॅटहून अधिक नको. उघडा पत्रा याच्या चार-पाच पट उष्णता आत सोडतो. वरून पांढरा, ऊन परतवणारा रंग किंवा निदान चुन्याचा जाड हात आणि खाली थोडी पोकळी सोडून चटईचे वा सिमेंट-फायबरच्या फळ्यांचे छत, एवढ्याने खोलीचे तापमान काही अंशांनी उतरते. पोकळीतील गरम हवा बाहेर पडायला दोन्ही टोकांना जाळीची भोके हवीत. थर्माकोल स्वस्त म्हणून लावू नये. तो पेट घेतो आणि त्याचा धूर घातक असतो. अहमदाबादने २०१३ मध्ये देशातील पहिला उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे तेथील गरीब वस्त्यांतील पत्र्यांना पांढरा रंग देण्याची मोहीम त्यात आली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरण आखले. मुंबईनेही मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा स्वीकारला आहे. संक्रमण शिबिराचे छप्पर त्यात शोभेल असे पहिले काम आहे.

दुसरा क्रमांक वाऱ्याचा. दमट हवेत थंडाव्यापेक्षा हवेची हालचाल महत्त्वाची. राष्ट्रीय इमारत संहिता दमट-उष्ण प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-षष्ठांश भाग खिडक्या-झरोक्यांसाठी असावा असे सांगते. दोन रांगा पाठीला पाठ लावून बांधलेल्या बराकीत प्रत्येक खोलीला पुढे एक दार आणि त्याच भिंतीत एक खिडकी असते. वारा आत येतो कुठून आणि जातो कुठून? दोन रांगांमध्ये हातभर जागा सोडली आणि मागच्या भिंतीत उंचावर एक झरोका ठेवला तर खर्च फारसा वाढत नाही. झरोक्याला डासांची जाळी मात्र हवीच. डेंग्यू-मलेरियाच्या भीतीने लोक खिडक्या बुजवतात आणि दम कोंडतो.

हवा आणि उजेड यांचा संबंध केवळ सुखाशी नाही. गोवंडी-मानखुर्द भागातील पुनर्वसन वसाहतींमध्ये इमारती एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लागतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांसह तेथे केलेल्या पाहणीत असे दिसले, की जेथे सूर्यप्रकाश आणि वारा पोहोचत नाही अशा घरांत क्षयरोगाचे प्रमाण अधिक आहे. मधुमेह असलेल्या, वजन घटलेल्या वृद्धाच्या दृष्टीने ही मोठी सूचना आहे. पुनर्वसनाची जागा कोठे आहे हेही तितकेच महत्त्वाचे. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे माहुलला पाठवली गेली, तेव्हा तेथील प्रदूषित हवेविरुद्ध त्यांना दीर्घ लढा द्यावा लागला. अखेर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेथे जाऊ न इच्छिणाऱ्यांना इतरत्र राहण्यासाठी महिना १५ हजार रुपये भाडे देण्याचा आदेश दिला.

इतरांनी काय केले

टेकडीवर राहणाऱ्या भांडुपकरांना माळीण आणि इर्शाळवाडी ही नावे परकी नाहीत. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले. वाचलेल्यांनी आमडे येथील नव्या गावठाणात एप्रिल २०१७ मध्ये प्रवेश केला. मधला काळ तात्पुरत्या निवाऱ्यात गेला. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि वाचलेल्या कुटुंबांना चौक गावाजवळ कंटेनरच्या घरांत ठेवण्यात आले. संकटाच्या घटकेला कंटेनर लवकर मिळतो, पाऊस अडवतो, दार बंद होते. हे त्याचे गुण खरे. मात्र पोलादी पेटी उन्हात तापते. अशा घरांवर गवताचे किंवा शेडनेटचे दुहेरी छप्पर आणि समोर सावलीचा ओटा हे पहिल्याच आठवड्यात करण्याचे काम आहे.

२००१ च्या भूकंपानंतर भुजमध्ये जपानी वास्तुकार शिगेरू बान यांनी कागदी नळ्यांच्या भिंतींची तात्पुरती घरे बांधली. पायाला पडलेल्या इमारतींचा राडारोडा वापरला. छपराला बांबूच्या कमानी, त्यांवर दोन विणलेल्या चटया आणि चटयांच्या मधे पाणी अडवणारे प्लास्टिक. दोन्ही टोकांच्या चटयांच्या बारीक छिद्रांतून वारा वाहत राही. आत स्वयंपाक झाला तरी धूर निघून जाई आणि डासही कमी येत. स्थानिक, स्वस्त, पुन्हा वापरता येणारे साहित्यही माणसाला मानाने राहू देऊ शकते, हे त्या घरांनी दाखवले.

वृद्धांसाठी सर्वांत मोलाचा धडा जपानमधीलच आहे. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर तात्पुरती घरे वाटताना वृद्ध आणि अपंग यांना अग्रक्रम देण्यात आला आणि वाटप सोडतीने झाले. हेतू चांगला होता. परंतु त्यामुळे जुने शेजारी दूरदूर विखुरले आणि अनोळखी वसाहतींत एकटे वृद्ध एकटेच मरण पावू लागले. अशा मृत्यूसाठी तेथे 'कोदोकुशी' हा शब्द रूढ आहे. पुढील आपत्तींत जपानने शेजाऱ्यांना शक्यतो एकत्र हलवण्यास सुरुवात केली. २०११ च्या त्सुनामीनंतर कामाइशी या गावी तर तात्पुरत्या घरांची दारे समोरासमोर ठेवली, मधली वाट लाकडी फळ्यांनी सपाट केली म्हणजे चाकाची खुर्ची जाईल, आणि वसाहतीतच वृद्धांसाठी मदत केंद्र चालवले. येताजाता दार उघडे आहे का, दिवा लागला का हे समोरच्याला दिसू लागले. आपल्या चाळीतील समोरासमोरच्या खोल्या आणि मधली गॅलरी हेच काम करीत आली आहे. ट्रान्झिटला जाताना ती गॅलरी बरोबर नेता आली पाहिजे.

करारावर सही करण्यापूर्वी

पुनर्विकासाच्या सभेत चटईक्षेत्र, भाडे आणि कॉर्पस यांवर तासन्‌तास चर्चा होते. पुढील प्रश्नांना त्यात अर्धा तास मिळाला पाहिजे, आणि उत्तरे करारपत्रात लिहून घेतली पाहिजेत.

१. छप्पर पत्र्याचे असेल तर पांढरा रंग आणि आतील छत कोण करून देणार? उन्हाळ्यापूर्वी होणार का?

२. प्रत्येक खोलीला समोरासमोर दोन उघडी तोंडे, निदान मागे झरोका आहे का? त्यांना जाळी आहे का?

३. पासष्टीच्या पुढील सदस्य असलेल्या कुटुंबाला तळमजला किंवा चालू लिफ्ट असलेली इमारत मिळेल का? वीज गेल्यावर लिफ्ट आणि पाण्याचा पंप कशावर चालेल? गच्चीवर सौरपटल बसवल्यास त्यांचा भार हलका होतो.

४. संडास खोलीतच आहे का? नसेल तर किती पावलांवर? एका तरी संडासात कमोड आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडे आहेत का? वाटेवर रात्रभर दिवा आहे का? काही वॅटचा एक एलईडी दिवा मांडीचे हाड मोडण्यापासून वाचवू शकतो.

५. जुने शेजारी शक्यतो एकाच रांगेत वा मजल्यावर राहतील का? सावलीत बसायला एक ओटा आहे का?

६. रुग्णवाहिका किती जवळ येऊ शकते? स्ट्रेचर जिन्यातून वळते का?

ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांत रुंद दारे, उंबरठा नसलेली वाट, लिफ्ट, दांडे असावेत यासाठी महारेराने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या विकत घेतल्या जाणाऱ्या घरांसाठी आहेत. परंतु काय मागावे याचा नमुना म्हणून समितीने त्या समोर ठेवाव्यात.

काळजीवाहकांसाठी

आधीच तात्पुरत्या घरात असाल, तर खालील गोष्टी आज सुरू करता येतात. वृद्धाची खाट पत्र्यापासून जितकी खाली आणि उन्हाच्या भिंतीपासून जितकी दूर, तितके बरे. त्यांना पोटमाळ्यावर झोपवू नका. स्वयंपाक सकाळी लवकर उरका आणि दुपारी शेगडी पेटवणे टाळा. उन्हाच्या बाजूच्या खिडकीला बाहेरून पडदा किंवा ओली चटई बांधा. आतल्या पडद्यापेक्षा बाहेरचा उपयोगी. पंख्याखाली हातपाय, मान ओल्या फडक्याने पुसा; वाऱ्याबरोबर पाणी वाळते आणि शरीर थंड होते. खोलीतील तापमान ४० अंशांच्या वर गेले तर नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो. अशा वेळी सावलीच्या वा थंड जागी हलवणे आवश्यक. पाणी तहान लागेपर्यंत थांबून देऊ नका. भांडे भरून ठेवा आणि संध्याकाळी किती संपले ते पाहा. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाण्याचे प्रमाण आणि लघवीची गोळी यांबाबत उन्हाळा सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोला. गोळी परस्पर बंद करू नका. फ्रिज नसेल तर इन्सुलिनची कुपी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मातीच्या माठात, पाणी लागणार नाही अशी ठेवता येते. रात्री खाटेजवळ भांडे किंवा कमोडची खुर्ची ठेवण्यात कमीपणा मानू नका.

नव्या जागेत पहिले काही आठवडे स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांचा गोंधळ वाढतो. देवांचा फोटो, घड्याळ, नेहमीची उशी जुन्या घरात होती त्याच बाजूला मांडा. औषधांची यादी, आजारांची नावे आणि नातलगांचा क्रमांक दाराच्या आतील बाजूस लावा. पत्ता बदलला की हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नसते. बोलण्यात विसंगती, अंग तापलेले आणि कोरडे, झटके किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची चिन्हे आहेत. तात्काळ १०८ ला दूरध्वनी करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडून वारा घालत राहा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

भांडुपच्या टेकडीवरून संध्याकाळी खाली पाहिले की एकाच नजरेत पत्र्यांच्या रांगा, अर्धवट बांधलेले मजले आणि दिवे लागलेले मनोरे दिसतात. या तीन अवस्थांमधून जाणारी कुटुंबे एकच असतात. शेवटच्या अवस्थेच्या चित्रांनी विकासकांच्या माहितीपत्रकांची पाने भरलेली असतात. मधल्या अवस्थेचे चित्र कोणी काढत नाही. ज्यांनी कारखान्यांत पाळ्या करून, डोक्यावरून पाणी वाहून या वस्त्या उभ्या केल्या, त्यांची उतारवयातील काही वर्षे या मधल्या घरात जाणार आहेत. एक पांढरे छप्पर, एक झरोका, कमी विजेचा एक पंखा, जवळचा संडास आणि समोर ओळखीचे दार, एवढी मागणी फार मोठी नाही. पुढची सभा भरेल तेव्हा ती आपल्या घरातील ज्येष्ठांच्या वतीने आपण मांडावी.